हॉलमार्क नसलेलं जुनं सोनं मोडताना घट किती धरतात? (शिक्के, नाणी, गलाई वगैरे)

कृष्णाकाठची | सोमवार, रात्री ९:४०

आजीचं सोनं तिघा भावंडांत वाटायचं आहे. पाटल्यांची जोडी, एक बोरमाळ आणि दोरा तुटून सुट्या झालेल्या पुतळ्या. कशावरही हॉलमार्क नाही. एका पाटलीच्या आतल्या बाजूला कसलंसं अक्षर ठोकलंय, पण झिजल्यामुळे वाचता येत नाही.

सांगलीत दोन दुकानांत विचारून आले. पहिल्याने पाटली दगडावर घासली, वरून थेंबभर काहीतरी सोडलं आणि "हॉलमार्क नाही ना, पंधरा टक्के घट धरावी लागेल" म्हणाला. दुसऱ्याकडे मशीन होतं. त्यात ठेवून बघितलं, आकडा काही मला दाखवला नाही, आणि म्हणाला की आता नियमाने बिगरहॉलमार्क सोनं आम्हाला विकत घेताच येत नाही, बदल्यात नवीन दागिना केलात तर बघू. दोघंही गोड बोलत होते. कुणाचं खरं मानायचं? आणि विकण्याआधी या डागांवर (दागिन्यांवर) हॉलमार्क मारून घेता येतो का?

हळदबाजार | सोमवार, रात्री ९:५५

ताई, एक उपाय सांगू? विकू नका. वाटणीच करायची तर पाटल्या एकाला, बोरमाळ दुसऱ्याला, पुतळ्या तिसऱ्याला. मग तिघंही आयुष्यभर म्हणत राहतील की दुसऱ्याला जास्त गेलं. पंधरा टक्क्यांपेक्षा स्वस्त पडेल.

गुंजभर | सोमवार, रात्री १०:३०

कृष्णाकाठची ताई, मी हॉलमार्किंग केंद्रात काम करतो. कुठल्या ते विचारू नका.

हॉलमार्कची सक्ती दुकानदाराने काय विकायचं यावर आहे, गिऱ्हाइकाने काय विकायचं यावर नाही. १६ जून २०२१ ला ही सक्ती पहिल्या टप्प्यात २५६ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे जिल्हे वाढत गेले. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांचा एचयूआयडी (प्रत्येक नगाचा वेगळा ओळख क्रमांक) नसलेला दागिना सराफाला विकता येत नाही. त्यातूनही दोन ग्रॅमच्या आतले डाग, कुंदन-पोलकी-जडाऊ आणि वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेले दुकानदार सुटलेत. पण तुमच्या घरचं सोनं मोडीत घ्यायला त्यांना कुणीही अडवलेलं नाही. "घेताच येत नाही" ही निव्वळ थाप, तुमच्याकडून नव्या दागिन्याची घडणावळ काढायची म्हणून मारलेली.

आता घट. पंधरा टक्के कशावर, हे आधी विचारा. चोवीस कॅरेटच्या भावातून पंधरा टक्के कापले, तर तो तुमचं सोनं ८५० टंचाचं (हजारात ८५० भाग शुद्ध) धरतोय, म्हणजे साधारण २०.४ कॅरेट. जुन्या पाटल्यांना ते अगदी अशक्य नाही. पण बावीसच्या भावातून पंधरा टक्के कापले, तर हिशेब ७७९ च्या आसपास येतो, म्हणजे पावणेएकोणीस कॅरेटही नाही. दोन्हीकडे तोंडाने "पंधरा टक्के"च म्हणतात.

तुम्ही स्वतः भारतीय मानक ब्युरोची मान्यता असलेल्या कुठल्याही परीक्षण केंद्रावर जाऊ शकता. चार नगांपर्यंत २०० रुपयांत तपासून कागद देतात. तो कागद घेऊन मग सराफ कट्ट्यावर जा, भाषा बदललेली दिसेल.

हॉलमार्क मारून घ्यायच्या फंदात मोडायच्या आधी पडू नका. शिक्क्याला ठरलेल्या पायऱ्या असतात : १४, १८, २०, २२, २३, २४ (अलीकडे ९ पण आलाय). पाटली ८७५ ची निघाली, तर बावीसचा शिक्का मिळणार नाही, खालच्या पायरीवरचा २० कॅरेट म्हणजे ८३३ चा मिळेल. मोडणाऱ्याला शिक्क्यापेक्षा रिपोर्टवरचा आकडा फायद्याचा.

कृष्णाकाठची | मंगळवार, सकाळी ८:१०

आभारी आहे. पहिल्याने कशावर कापले ते विचारलंच नव्हतं. मशीनवरचा आकडा मागून घेतला असता तर पुरलं असतं का?

गुंजभर | मंगळवार, सकाळी ८:४५

पाटलीपुरतं ठीक, बोरमाळेसाठी नाही. ते क्ष-किरणांचं मशीन पृष्ठभागालगतचा मायक्रॉनात मोजावा इतकाच थर वाचतं. वर चांगला मुलामा असेल तर मशीन मुलाम्यालाच शाबासकी देतं. उलट डाखाच्या (सांध्याच्या) जागी किरण पडला तर टंच उगाच कमी दिसतो. आणि बोरमाळेचे मणी पोकळ असतात, आत लाख भरलेली असते. आख्खी माळ काट्यावर ठेवून त्याला टंचाने गुणणं म्हणजे लाख सोन्याच्या भावाने विकणं, किंवा घेणाऱ्याने त्या भीतीने वाटेल तितकं कापणं. माळ आटवल्यावर जी लगड होईल तिचं वजन आणि तिचा टंच, एवढंच खरं. समोर आटवून मागा.

माणदेशी गडी | मंगळवार, दुपारी २:२०

गुंजभर दादा बरोबर बोलले. समोर आटवून घ्यायचं.

आमचं गाव विट्याच्या पलीकडं. घरातली तिसरी पिढी गलाईत, म्हणजे सोनं-चांदी आटवून चोख करायच्या धंद्यात. आज्जा कानपूरला गेला, चुलते दिल्लीत, मी कोईमतूरला. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, जत, पलीकडं साताऱ्याचं माण-खटाव, ह्या सगळ्या पट्ट्यातली पोरं देशभर सोन्या-चांदीची भट्टी लावून बसलीत. केरळातल्या बाजारात जा, बनारसला जा, गल्लीच्या टोकाला एक मराठी दुकान सापडणारच. पाऊस पडत नव्हता म्हणून गेलो, हौस म्हणून न्हाय. आता टेंभू योजनेचं पाणी आलंय, डाळिंब-द्राक्षं झालीत, तरी भट्ट्या काय बंद झाल्या न्हाईत. दसऱ्याला गावात गाड्यांच्या पाट्या बघा, निम्म्या परराज्यातल्या.

भट्टीत काय होतं ते सांगतो, म्हणजे घट कुठं जाते ते कळंल. मोड आली की खडं काढायचं, चुंबक फिरवायचं, मुशीत टाकणखार घालून आटवायचं. लगड झाली की चिमूटभर तुकडा टंचाला काढायचा. पुढं चोख करायचं असंल तर सोन्यात चांदी घालायची. नवखा माणूस इथं दचकतो, शुद्ध करायचं तर भेसळ कशाला? पण बावीसचा तुकडा नुसता शोऱ्याच्या तेजाबात (नायट्रिक ॲसिडात) टाकला, तर तेजाब वरवर चाटून गप बसतं. आतल्या तांब्याला सोन्याचं कवच असतंय. तिप्पट चांदी मिसळली की सोनं एकूणात पाव हिस्सा उरतं आणि तेजाबाला आत शिरायला वाट मिळते. तो रस पाण्यात ओतून दाणं करायचं, तेजाबात तापवायचं. तांबडा धूर उठतो, लई वाईट. जुन्या माणसांनी तो छातीत घेतला, आम्ही चिमण्या बसवल्या. चांदी, तांबं विरघळून जातं. तळाला जे उरतं ते बघून कुणी सोनं म्हणणार न्हाय, चहाच्या चोथ्यासारखं काळपट तपकिरी. धुवायचं, पुन्हा आटवायचं, तवा पिवळं.

विरघळलेली चांदी पण फेकत न्हाईत. त्या पाण्यात तांब्याचं पत्रं सोडलं की चांदी राखाडी गाळ होऊन बसते आणि पाणी निळं होतं. निळ्या पाण्यात लोखंडाचं भंगार टाकलं की तांबं परत. सोनाराच्या पेढीवरची माती, कारागिराची जुनी चटई, झाडू, सगळं जाळून धुवून त्यातलं सोनं काढतात. हे काम करणारे झारेकरी तुमच्याकडं पण असतील.

तर ताई, पंधरा टक्के भट्टीत कुठं नाहीसं होत न्हाय. जळतो तो मळ, लाख, दोरा. बाकी सगळं कुणाच्या ना कुणाच्या पदरात पडतं.

गुंजभर | मंगळवार, दुपारी ३:०५

गडी, तुमच्या भट्टीत आणि आमच्या प्रयोगशाळेत फरक फक्त मापाचा. मशीन आमच्याकडे चाळणीपुरतं, निकाल आगीच्या परीक्षेवर. नमुना म्हणून मिलिग्रॅममध्ये मोजायचं सोनं खरवडून घेतो, अतिशय बारकाईने तोलतो, त्यात हिशेबाने चांदी घालतो आणि शिशाच्या पत्र्यात गुंडाळून राखेच्या नाहीतर मॅग्नेशियाच्या छोट्या सच्छिद्र वाटीत भट्टीत ठेवतो. शिसं वितळतं, तांबं-जस्त वगैरे हलक्या प्रतीचे धातू सोबत घेऊन वाटीत मुरतं. वर सोन्या-चांदीचा मणी उरतो. तो ठोकून, लाटून, गुंडाळी करून शोऱ्याच्या तेजाबात उकळायचा. चांदी जाते, सोन्याची तपकिरी सुरळी उरते, ती लाल करून पुन्हा तोलायची. आधीचं वजन, नंतरचं वजन, भागाकार, संपलं. लेझरने जो ९१६ कोरतात, त्याच्यामागे एवढंच आहे.

हळदबाजार | मंगळवार, सायंकाळी ६:१५

म्हणजे मानक ब्युरोचा शिक्का मारणारा आणि विट्याचा गलाईवाला एकच काम करतात, आणि एकाकडे लेझर आहे. बरं मग ही अक्कल आपल्याकडे इतक्या उशिरा का आली? विलायतेत म्हणे सातशे वर्षांपासून हॉलमार्क आहे. आपल्याकडे सोनार सांगेल ते.

नाना कराडकर | मंगळवार, रात्री ८:३०

"सोनार सांगेल ते" वाचून उत्तर द्यावंसं वाटलं. आमची पिढीजात सोनारकी, कराडला.

कृष्णाकाठची, पाटलीच्या आतलं ते अक्षर बहुधा घडवणाऱ्या सोनाराचं आहे. गावात डाग परत मोडायला आला की आपली खूण बघून त्याला आपलं सोनं ओळखावं लागे, आणि ज्या टंचाने दिलं त्याच टंचाने परत घ्यावं लागे. नाही घेतलं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. खोटे सोनार होते, नाही म्हणत नाही. पण ती खूण चालायची गावाच्या वेशीपर्यंतच. तुमचं कुटुंब सांगलीला आलं, सोनाराचं दुकान बंद पडलं, खूण मुकी झाली. तिथे घट सुरू होते.

आणि मधे एक काळ असा आला की सरकारनेच चांगलं सोनं घडवायला बंदी केली. चीनचं युद्ध झालं, परकीय चलन संपत आलं, आणि जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजीभाईंनी सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले. चौदा कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही. चौदा कॅरेट म्हणजे ५८५. रंग तांबूस, अंगाने ताठ, बारीक तार ओढायला गेलं की तटकन तुटणार. गिऱ्हाईक तोंड फिरवायचं. देशभर सोनार देशोधडीला लागले, कित्येकांनी जीव दिले, त्या काळच्या वर्तमानपत्रांत रोज बातम्या. आमच्या वडिलांनी दुकानाच्या अर्ध्या भागात घड्याळं दुरुस्त करायला घेतली. चौदाची अट १९६६ मध्ये गेली, पण १९६८ चा कायदा आला आणि तो १९९० पर्यंत मानेवर होता. परवाने, वह्या, तपासण्या. त्या सत्तावीस वर्षांत बिलाशिवाय, खुणेशिवाय, रात्री घडवलेलं किती सोनं घराघरात गेलं असेल! आज "जुन्या सोन्याला कागद नाही" म्हणून नाक मुरडतात, तो कागद कुठून असणार?

सरकारने स्वतःहून सोन्यावर हॉलमार्क सुरू केला तो २००० साली, चांदीवर २००५. सक्ती यायला आणखी वीस वर्षं. मी हॉलमार्कच्या विरोधात नाही. पण एक नग करणाऱ्या कारागिराला केंद्रापर्यंतची खेप आणि खेपेमागे ठरलेलं किमान शुल्क परवडत नाही, आणि शोरूमला नगामागे ४५ रुपये जाणवतही नाहीत. हे बोलायला हवं.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी | मंगळवार, रात्री ११:२०

नाना, दंडवत. हळदबाजार, विलायतेचं थोडं बरोबर आहे. १३०० साली पहिल्या एडवर्डने कायदा केला की ठरलेल्या कसाची चांदी असल्याशिवाय आणि तिच्यावर बिबट्याच्या तोंडाचा छाप असल्याशिवाय ती विकायची नाही. तेव्हा पंच लोक दुकानोदुकानी फिरून छाप मारत. १४७८ पासून सोनारांनीच माल लंडनच्या सोनारांच्या हॉलमध्ये आणायचा असं ठरलं आणि सालाचं अक्षरही ठोकू लागले.

पण "आपल्याकडे नव्हतं" हे मान्य नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात टाकसाळीवर लक्षणाध्यक्ष आहे आणि चालू नाणी तपासायला रूपदर्शक नावाचा वेगळा अधिकारी आहे. सोनार सोनं कसं चोरतो याचे पाच प्रकार तिथे दिलेत : तुलाविषम, अपसारण, विस्रावण, पेटक, पिंक. काटा खोटा, चांगल्याच्या जागी हलकं सरकवणं, जोडताना किंवा तपासताना अदलाबदल, आत शिसं घालून वर सोन्याचा पत्रा, आणि पोकळीत भर. बोरमाळेतली लाख याच वळणाची, फक्त ती उघडपणे भरतात.

आता आपल्या मुलखातलं. मराठी राज्यात सरकारी खजिन्यावर पोतदार असायचा. भरण्याला आलेलं प्रत्येक नाणं तो पारखायचा, कारण तेव्हा रुपया हा एक नव्हताच. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदोडी, बागलकोटचा मल्हारशाही, आणि किती तरी. मिरजेला तेव्हा मुर्तजाबाद असंही नाव होतं आणि मिरजेच्या टाकसाळीतले मराठ्यांचे रुपये मोगल बादशहाच्या नावाने आणि मुर्तजाबाद असं कोरून पडायचे. राज्य पटवर्धनांचं, पेशव्यांचं, गादी साताऱ्याची, आणि रुपयावर फारसीत दिल्लीचा बादशहा! हसू येतं, पण व्यापाऱ्याच्या दृष्टीने बघा. ज्या नावाच्या रुपयाला पैठणपासून बनारसपर्यंत ओळख आहे, तेच नाव घालणं सोयीचं.

प्रत्येक रुपयाचा कस आणि वजन थोडं निराळं, म्हणून एका पेठेतून दुसऱ्या पेठेत गेलं की बट्टा, म्हणजे नाणं बदलताना कापायची रक्कम. साताऱ्याहून निघालेला शेतसारा पुण्याला पोचेस्तोवर सराफ दोनदा कमावणार. कृष्णाकाठची, तुमचे पंधरा टक्के त्या बट्ट्याचेच वारस आहेत. टाकसाळी बऱ्याचदा मक्त्याने सोनारांना दिलेल्या असायच्या आणि मक्तेदार कस उतरवायचे. धारवाडकडे हे इतकं वाढलं की १७६५ मध्ये तिथल्या खाजगी टाकसाळी मोडून एकच सरकारी टाकसाळ करायचा हुकूम निघाला.

आणि याच्याही आधीची गोष्ट मला फार आवडते. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तहाची कलमं घेऊन. त्यातलं एक मागणं होतं की इंग्रजांचं नाणं महाराजांच्या राज्यात चालावं. महाराजांनी ते कलम तसं मंजूर केलं नाही. म्हणणं असं पडलं की कुठलंही नाणं चालायला आमची मनाई नाही, पण ज्यात रयतेचा तोटा होईल ते नाणं घ्या असं आम्ही रयतेला सांगणार नाही. तुमचं नाणं कसाने आणि वजनाने मोगलांच्या तोडीचं असेल तर आपोआप चालेल. त्याच साली स्वतःचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडणारा राजा हे बोलतोय! स्वतःच्या शिक्क्याची सक्तीही दुसऱ्यावर नाही, आणि दुसऱ्याच्या शिक्क्याची आपल्या माणसावर नाही. मला तरी यात २०२१ च्या परिपत्रकांपेक्षा जास्त अर्थशास्त्र दिसतं.

हळदबाजार | बुधवार, सकाळी ७:५०

महाराजांचं नाव घेतलं की धागा संपतो, काका. आता वाद कसा घालायचा?

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी | बुधवार, सकाळी ९:१५

घाला की. उलट बाजूही आहे. बट्ट्याची ही भानगड संपवली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३५ च्या कायद्याने. रुपया १८० ग्रेन, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी, सगळीकडे एकच. १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा, म्हणून राणीछाप रुपयाच घरोघरी वजन म्हणून वापरायचे. सामान्य माणसाला हे सुखाचं होतं, कबूल केलं पाहिजे. तेव्हा तुमच्याकडे चांदी असेल तर टाकसाळीत नेऊन रुपये पाडून घेता यायचे. १८७६-७८ च्या दुष्काळात आपल्या भागातल्या बायकांच्या अंगावरच्या चांदीचं हेच झालं, मुंबईच्या टाकसाळीत दागिन्यांची चांदी आटायला येत होती. मग १८९३ मध्ये सरकारने ही सोय बंद केली. रुपयाचा भाव वर धरून ठेवायचा होता. रुपया टिकला, चांदी घसरली, आणि कुणब्याच्या घरातल्या तोड्या-वाळ्यांची किंमत त्याला न विचारता उतरली. शिक्का असलेली चांदी एका भावाची आणि शिक्का नसलेली तीच चांदी दुसऱ्या भावाची, हा भेद तेव्हा कायद्याने पडला.

कृष्णाकाठची | बुधवार, दुपारी १:३०

वाचतेय. मधेच माझी टीप : पुतळ्या मोडायच्या की नाही?

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी | बुधवार, दुपारी २:००

थांबा! आधी बघा. पुतळ्या मुळात व्हेनिसच्या डुकॅट नाण्यांच्या. १२८४ पासून पाडलेलं नाणं, साडेतीन ग्रॅम, जवळजवळ चोख सोनं, कोकणच्या बंदरांतून आत आलं. एका बाजूला गुडघे टेकलेला माणूस आणि उभा संत, दुसरीकडे ताऱ्यांच्या लंबगोलात येशू. आपल्या बायकांनी त्या मूर्ती बघितल्या आणि माळेत ओवल्या. नंतर आपल्याच सोनारांनी हुबेहूब नकला काढल्या, अक्षरं म्हणजे नुसत्या रेघोट्या. एकेक पुतळी वेगळी तोला. वजन साडेतीनच्या जवळ आणि लॅटिन अक्षरं सरळ वाचता येत असतील, तर नाण्यांच्या जाणकाराला दाखवल्याशिवाय मुशीत घालू नका. ठोकून बनवलेल्या पातळ पत्र्याच्या असतील तर वजनाचा भाव.

माणदेशी गडी | बुधवार, दुपारी २:४०

खरं हाय. भट्टीला नाणं आणि नथ सारखीच. आमच्याकडं येऊन काय काय आटून गेलं असंल, आज्जा सांगायचा न्हाय.

तासगावची सून | बुधवार, रात्री ९:०५

सासूबाईंच्या डब्यात बरेच राणीछाप आणि जॉर्जचे रुपये आहेत. दुकानात न नेता खरी चांदी आहे की नाही ते घरी कळेल का? आणि दिराला द्राक्षाच्या रानात तांब्याची शिवराई सापडलीय, तो ऑनलाइन लाखांना विकायचं म्हणतोय.

गुंजभर | बुधवार, रात्री ९:५०

रुपयाचं घरी होतं. ग्रॅमच्या दशांश चिन्हापुढे दोन अंक दाखवणारा छोटा काटा हवा. रुपया तोला, न झिजलेला ११.६६ भरेल. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. रुपयाला दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला आणि कडेला टेकू देऊ नका, हातात अधांतरी धरा. काट्यावर जो आकडा येईल त्याने पहिल्या वजनाला भागा. राणीछापला आकडा १.१३ च्या आसपास आला पाहिजे, म्हणजे भागाकार १०.३. रुपयाला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने काढा, नाहीतर आकडा चुकतो.

जॉर्जच्या रुपयावर साल बघा. १९४० पासून युद्धामुळे चांदी निम्मीच केली, त्यामुळे वजन तेच, पण भागाकार साडेनऊच्या आसपास येईल. ते खोटे नाहीत, कसाने हलके आहेत. १९४७ चा वाघाचा रुपया तर निकेलचा, चुंबकाला चिकटतो.

चांदीच्या नव्या पैंजणांबद्दल कुणी विचारण्याआधीच सांगतो : १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही एचयूआयडी आहे, पण ऐच्छिक. मागितलात तर मिळेल.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी | बुधवार, रात्री १०:३५

तासगावकर वहिनी, शिवराईवर एका बाजूला श्री राजा शिव आणि दुसरीकडे छत्रपती असतं. पण शिवराई महाराजांच्या नंतरही पेशवाई संपेपर्यंत पडत होती आणि इंग्रजी अमलातही बाजारात चालत राहिली. म्हणून प्रत्येक शिवराई रायगडची नसते, आणि झिजलेल्या तांब्याच्या शिवराईला लाख कुणी देत नाही. "लाखांना घेतो, आधी नोंदणी फी भरा" म्हणणारे सगळे भामटे. रिझर्व्ह बँकेनेही २०२१ मध्ये सांगितलंय की जुनी नाणी-नोटा विकत घेण्याचा आपला काही संबंध नाही आणि बँकेच्या नावाने कुणी फी मागत असेल तर देऊ नका. १८१८ साल घातलेले कंपनीच्या नावाचे राम-दरबाराचे पितळी तुकडे पण त्याच गोतावळ्यातले.

जमिनीत पुरलेलं मिळालं असेल तर १८७८ चा निखात निधीचा (पुरलेल्या धनाचा) कायदा लागतो. दहा रुपयांच्या वर किंमत असेल तर कलेक्टरला लेखी कळवायचं : काय, किती, कुठे, कधी सापडलं. सरकारला हवं असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन ते घेतं. मालकी कुणाचीच सिद्ध झाली नाही आणि आपसात ठरलेलं नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला, एक हिस्सा जमीनमालकाला.

तासगावची सून | बुधवार, रात्री १०:५०

रान सासऱ्यांच्या नावावर आहे, नाणं दिराला सापडलंय, आणि नांगरणारा ट्रॅक्टरवाला म्हणतोय की ते आधी मीच बघितलं.

हळदबाजार | बुधवार, रात्री १०:५२

एका शिवराईचे तीन वारस! मी म्हटलं होतं ना ताई, वाटणी करू नका.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी | बुधवार, रात्री ११:१०

कायद्यात सापडणारा तो सापडणारा, बघणारा नव्हे. ट्रॅक्टरवाल्याला चहा पाजा. एकच सुटी शिवराई असेल तर कलेक्टर कचेरीत फार कुणी दखल घेणार नाही, पण जवळपास मडकं किंवा आणखी नाणी निघाली तर उकरत बसू नका, फोटो काढून जागा तशीच ठेवा. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला असाच एक साठा निघाला होता, क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी, त्यातल्या ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. कुणी कुणाला हरवलं याचा पुरावा त्या छापांत होता, आणि साठा एकत्र राहिला म्हणून तो वाचता आला. सुटा सुटा विकला असता तर तो कोईमतूरच्या भट्टीत गेला असता, गडी माफ करा.

अर्ज साध्या कागदावर दिला तरी चालतो. दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या.